डिस्क भरली कशाने? आधी मोजा, मग काढा



पूर्वी सोसायटीचा हिशेब म्हणजे किर्द, खतावणी आणि एक लोखंडी कपाट. कपाट भरलं की डोळ्यांना दिसायचं. दार लागेनासं व्हायचं, मग सचिव नवीन कपाटाचा ठराव मांडायचे. आता तोच हिशेब संगणकात गेला आहे. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली आणि त्यासाठी 2,516 कोटी रुपयांचा आराखडा केला. गावची विविध कार्यकारी सोसायटी ही अशीच प्राथमिक संस्था. याशिवाय दूध संस्था, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था, झालंच तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा लॅपटॉप, असे संगणक आता घरोघर आणि गावोगाव आहेत.

पण संगणकाचं कपाट भरलं तर बाहेरून काही दिसत नाही. पेटी तेवढीच, वजन तेवढंच. एके दिवशी पडद्यावर ‘लो डिस्क स्पेस’ अशी पाटी येते, यंत्र गोगलगायीसारखं चालू लागतं आणि नेमकी त्याच दिवशी वसुलीची यादी पाठवायची असते. ऊस बिलातून सोसायटीच्या कर्जाची वसुली होते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. यादीत चूक राहिली, यादी अर्धवट लिहिली गेली, तर त्याचा त्रास थेट सभासदाच्या बिलाला होतो.

अशा वेळी काय होतं? कोणीतरी म्हणतं, “जुनं सगळं उडवून टाका.” आणि जे हाताला लागेल ते उडवलं जातं. आमचं सांगणं एवढंच आहे की भरलेली डिस्क केव्हाही रिकामी करता येते, पण पुसलेली खतावणी परत आणणं फार अवघड असतं. यास्तव या पाठात आपण जागा कशी मोकळी करायची हे नंतर पाहू. जागा कोणी खाल्ली हे कसं शोधायचं, ते आधी शिकू.

मोजमापाची भाषा

उसाला टन, साखरेला क्विंटल, तसं संगणकातील मजकुराला बाइट. इंग्रजी एक अक्षर म्हणजे एक बाइट. युनिकोडमधील देवनागरी मजकूर बहुधा ज्या पद्धतीने साठवतात, तीत प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे काना-मात्रेलासुद्धा, 3 बाइट लागतात. 1,024 बाइट म्हणजे एक केबी, 1,024 केबी म्हणजे एक एमबी आणि 1,024 एमबी म्हणजे एक जीबी.

येथे एक घोटाळा आहे तो समजून घ्यावा. डिस्क बनवणारे 1,000 च्या पटीत मोजतात आणि विंडोज 1,024 च्या पटीत मोजते. म्हणून दुकानातून आणलेली 256 जीबीची डिस्क पडद्यावर 238 जीबी दिसते, 500 ची 465 दिसते आणि 1 टीबीची 931 जीबी दिसते. दुकानदाराने फसवलं असं नव्हे. माप एकच, वजनं वेगळी.

आता अंदाज घेऊ. दोन हजार चिन्हांचं मराठीचं एक पान म्हणजे सुमारे 6 केबी. एका जीबीत अशी पावणेदोन लाख पानं मावतात. उलट मोबाइलवर चांगल्या प्रतीचं चित्रीकरण केलं तर एका मिनिटाला 100 एमबीच्या वर सहज जातात, म्हणजे दहा मिनिटांचं भाषण हे दीडदोन लाख पानांच्या बरोबरीचं! तेव्हा डिस्क भरली की पहिला संशय हिशेबाच्या याद्यांवर घेऊ नका. त्या बिचाऱ्या फार थोडक्यात राहतात.

चौदा माणसं आणि एक डिस्क

हा प्रश्न आजचा नाही आणि आपल्यापुरताही नाही. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात माणूस आणि संगणक यांच्या संबंधांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे. 1990 साली तेथे 80 एमबीची एक डिस्क होती आणि ती चौदा जण मिळून वापरीत. डिस्क भरली. कोणी किती जागा व्यापली आहे, कोणत्या कप्प्यात काय पडलं आहे, कळायला मार्ग नव्हता. सामाईक विहिरीचं जे होतं तेच. पाणी आटलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोटारीकडे बोट दाखवतो.

त्या प्रयोगशाळेचे प्राध्यापक बेन श्नायडरमन यांनी भांडण मिटवायला नियम केले नाहीत. त्यांनी नकाशा काढायचं ठरवलं. त्यांची कल्पना गट नकाशासारखीच आहे. पडद्यावरचा सगळा चौकोन म्हणजे पूर्ण डिस्क. त्या चौकोनाचे उभे पट्टे पाडायचे, एका फोल्डरला एक पट्टा आणि फोल्डर जितका जड तितका पट्टा रुंद. मग प्रत्येक पट्ट्याचे आडवे तुकडे, आतल्या फोल्डरांच्या वजनाप्रमाणे. पुन्हा उभे, पुन्हा आडवे, असं थेट शेवटच्या फाइलीपर्यंत. शेवटी पडद्यावर लहानमोठ्या चौकोनांची वाकळ तयार होते. ज्याचं क्षेत्र मोठं त्याने जागा जास्त घेतली, हे अडाण्यालाही दिसतं. या पद्धतीला ‘ट्रीमॅप’ म्हणतात. त्यावरचा त्यांचा लेख 1992 साली प्रसिद्ध झाला. पुढे शेअर बाजाराचे चढउतार दाखवायलासुद्धा असे नकाशे वापरले गेले. पण मूळ कारण घडलं ते चौदा जणांची भरलेली डिस्क!

आम्हाला यातून घेण्यासारखी गोष्ट वाटते ती ही, की सामाईक जागेचा तंटा तर्काने सुटत नाही, मोजणीने सुटतो. आता ती मोजणी आपण क्रमाने करू.

पहिली पायरी : एकूण शिल्लक पाहणे

कळफलकावर विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबून धरा आणि ‘ई’ दाबा. डाव्या बाजूस ‘दिस पीसी’ असेल, त्यावर टिचकी मारा. प्रत्येक डिस्कखाली एक पट्टी दिसेल आणि किती पैकी किती मोकळं हा आकडा दिसेल. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की निळी पट्टी लाल होते. 238 जीबीच्या डिस्कवर ही वेळ साधारण 24 जीबी उरल्यावर येते. लाल पट्टी म्हणजे लगेच संकट नव्हे, पण विंडोजला स्वतःच्या कामासाठी, नवीन सुधारणा उतरवण्यासाठी मोकळी जागा लागते. गव्हाणीत उसाला सरकायला जागा नसेल तर मिल चालेल कशी? तसंच हे.

आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. ही वही पुढे फार उपयोगी पडेल.

दुसरी पायरी : खातेवार वर्गवारी

‘सेटिंग्ज’ उघडा, त्यात ‘सिस्टम’, त्यात ‘स्टोरेज’. थोडा वेळ थांबलं की संगणक स्वतःच खातेवार हिशेब दाखवतो : बसवलेले प्रोग्राम किती, तात्पुरत्या फाइली किती, चित्रं किती, चित्रफिती किती, बाकीचं किती. ही ढोबळ खतावणी झाली. कोणत्या खात्यात आकडा डोळ्यांत भरतो ते बघा. अजून काही काढायचं नाही. नुसतं बघायचं.

तिसरी पायरी : सर्वांत जड कप्प्यात उतरणे

फोल्डरांच्या यादीत फाइलीचा आकार दिसतो पण फोल्डरचा दिसत नाही, हीच मोठी अडचण आहे. फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिलं म्हणजे त्याचं एकूण वजन कळतं. सी ड्राइव्हमध्ये ‘युझर्स’ हा फोल्डर आहे; माणसांनी साठवलेलं बहुतेक सगळं त्यातच असतं. त्यातला सर्वांत जड फोल्डर शोधा. त्याच्या पोटातला सर्वांत जड शोधा. पुन्हा त्याच्या पोटातला. असं तीन-चार पायऱ्या उतरलं की बहुतेक वेळा चोर सापडतो. सगळे फोल्डर तपासायची गरज नाही. जिथे आकडा लहान, तिथे वेळ घालवू नका.

एकेक मोठी फाइल शोधायची असेल तर दुसरी युक्ती आहे. सी ड्राइव्ह उघडून वरच्या कोपऱ्यातील शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइझ’ हा शब्द, त्याला लागून दोन टिंबांची खूण, मग ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह आणि 500 एमबी असं सलग लिहा. पाचशे एमबीच्या वरच्या फाइली एकामागून एक समोर येतात.

चौथी पायरी : नकाशा काढणे

वर सांगितलेला श्नायडरमन यांचा नकाशा आपल्यालाही काढता येतो. ‘विनडिरस्टॅट’ हा मोफत प्रोग्राम त्यासाठीच आहे. ‘ट्रीसाइझ फ्री’ हा दुसरा, तो फोल्डर वजनाच्या उतरत्या क्रमाने लावून देतो. लिनक्स संगणकावर ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ हेच काम करतो. असा प्रोग्राम घेताना तो बनवणाऱ्याच्याच ठिकाणावरून घ्या. कुठल्याही जाहिरातीवर टिचकी मारून घेऊ नका, नाही तर जागा शोधायला गेलात आणि व्हायरस घेऊन आलात असं व्हायचं.

प्रोग्राम चालवताना त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. तसं केलं नाही तर दुसऱ्या वापरकर्त्याचे बंद कप्पे मोजले जात नाहीत आणि बेरीज जुळत नाही.

पाचवी पायरी : ताळा जुळवणे

कोणत्याही तेरीज-पत्रकाप्रमाणे येथेही ताळा पाहिजे. खाली नमुन्यादाखल एक हिशेब देत आहोत. हा कोणत्याही संस्थेचा नाही, समजावून सांगण्यासाठी मांडला आहे. डिस्क 238 जीबी :

विंडोज : 32 जीबी
बसवलेले प्रोग्राम : 18 जीबी
डाउनलोड्स : 41 जीबी
फोटो व चित्रफिती : 57 जीबी
सोसायटीचा चालू हिशेब : 3 जीबी
त्याच हिशेबाच्या रोजच्या प्रती : 52 जीबी
रिसायकल बिन : 9 जीबी
यंत्राच्या छुप्या फाइली : 14 जीबी
पूर्वस्थिती परत आणण्याच्या नोंदी : 6 जीबी
मोकळी जागा : 6 जीबी
एकूण : 238 जीबी

बेरीज जुळली. जुळली नसती तर कारण बहुधा छुप्या फाइलींत असतं. विंडोज रॅम कमी पडल्यास वापरायला एक फाइल ठेवते, तिचं नाव ‘पेजफाइल’. संगणक ‘हायबरनेट’ करताना चालू काम उतरवून ठेवायला दुसरी, तिचं नाव ‘हायबरफिल’. दोन्ही काही जीबींच्या असतात आणि साध्या यादीत दिसत नाहीत. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या बंद कप्प्यात जुन्या स्थितीच्या नोंदी असतात. याच्या उलट ‘विनएसएक्सएस’ नावाचा फोल्डर प्रत्यक्षापेक्षा फुगून दिसतो, कारण एकच फाइल दोन ठिकाणी दोन नावांनी नोंदलेली असते आणि दोनदा मोजली जाते. एकाच सभासदाचं नाव दोन याद्यांत आलं म्हणून सभासद दोन होत नाहीत. तो फोल्डर हाताने पुसायला जाऊ नये. विंडोज चालू होणार नाही.

आता वरच्या हिशेबाकडे पुन्हा नीट पाहा. ज्याच्यासाठी हा संगणक घेतला तो हिशेब फक्त 3 जीबी आहे आणि त्याच्या प्रतींनी 52 जीबी अडवले आहेत. रोज संध्याकाळी पूर्ण प्रत घ्यायची ही सवय चांगलीच आहे. पण प्रत त्याच डिस्कवर ठेवली तर ती प्रत कसली? डिस्क बिघडली की मूळही जातं आणि प्रतही जाते. बियाण्याचं पोतं आणि खायचं धान्य एकाच गळक्या खोलीत ठेवल्यासारखं हे आहे. जागा भरली आणि सुरक्षितताही नाही, असा दुहेरी तोटा. मोजणी केली नसती तर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नसती.

सहावी पायरी : तीन ढीग

मोजणी झाली. मग आता करायचं काय? जे सापडलं त्याचे तीन ढीग करा.

पहिला ढीग, खुशाल काढा. यात रिसायकल बिन येतो. फाइल पुसली तरी ती या टोपलीत पडून राहते आणि टोपली ओतेपर्यंत जागा सुटत नाही. मात्र ओतण्यापूर्वी एकदा आत नजर टाका. ‘स्टोरेज’मधील ‘टेम्पररी फाइल्स’ हा विभागही याच ढिगात. त्यातल्या नावांसमोर खूण करून काढता येतात. पण सावधान! त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. त्यावर खूण करू नका. बँकेची पत्रकं, सातबारा उतारे, शासनाची परिपत्रकं बहुतेक वेळा तिथेच उतरलेली असतात.

दुसरा ढीग, विचारून काढा. डाउनलोड्स, फोटो, चित्रफिती आणि हिशेबाच्या जुन्या प्रती यात येतात. संगणक एकाचा नसतो, सचिव आणि क्लार्क दोघं वापरतात. ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. वार्षिक सभेचं चित्रीकरण ठेवायचं असेल तर बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवा. हिशेबाच्या प्रतींबाबत आमची सूचना अशी : मागील सात दिवसांच्या प्रती, प्रत्येक महिनाअखेरची एक आणि प्रत्येक 31 मार्चची एक एवढ्या ठेवाव्यात, आणि त्या बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. काम झालं की काढून कपाटात कुलूपबंद. प्रत बाहेर नेल्यावर ती उघडते का हे तपासा आणि मगच इकडची काढा. लेखापरीक्षण बाकी असलेल्या वर्षाचं काहीही लेखापरीक्षकांना विचारल्याशिवाय काढू नये.

तिसरा ढीग, हात लावू नका. विंडोजचा फोल्डर, प्रोग्रामचे फोल्डर, छुप्या फाइली आणि ज्याचा अर्थ कळत नाही ते सगळं. एखादा प्रोग्राम नकोच असेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’मधून ‘अनइन्स्टॉल’ करा, त्याचा फोल्डर पुसू नका. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे अनेकांनी 11 बसवलं आहे. असा बदल केल्यावर जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहते आणि बरेच जीबी अडवते. ती सहसा दहा दिवसांनी आपोआप जाते. घाई असेल तर ‘टेम्पररी फाइल्स’मधून काढावी, पण एकदा ती गेली की जुन्यावर परत फिरता येत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. ‘शिफ्ट’ कळ दाबून ‘डिलीट’ केलं तर फाइल टोपलीत न पडता थेट जाते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइलसुद्धा सहसा टोपलीत येत नाही.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी

रीत तीच. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज’ पाहा, खातेवार आकडे दिसतील. बहुतेकांच्या फोनमध्ये मोठा वाटा व्हॉट्सॲपचा निघतो. व्हॉट्सॲपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ असं आहे. कोणत्या गटाने किती जागा घेतली हे उतरत्या क्रमाने दिसतं. सुप्रभातची चित्रं बिनदिक्कत काढा. पण ऊस तोडणीची पावती, खताच्या बिलाचा फोटो त्याच ढिगात असतो, तो आधी बाजूला काढून ठेवा.

दर महिन्याची सवय

गोदामातील साखरेच्या थप्प्या आपण वर्षातून एकदा मोजून भागवत नाही. त्याचप्रमाणे महिनाअखेरीस पाच मिनिटं काढून मोकळ्या जागेचा आकडा वहीत लिहावा. दर महिन्याला दोन-तीन जीबी कमी होत असतील तर ती नेहमीची वाढ. एकदम तीस जीबी गेले तर काहीतरी नवीन घडलं आहे असं समजून त्याच दिवशी वरच्या पायऱ्या कराव्यात. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि 31 मार्चपूर्वी एकदा, अशी दोनदा पूर्ण मोजणी करावी, म्हणजे ऐन घाईत लाल पट्टीची गाठ पडणार नाही.

स्वाध्याय

1. आपल्या संगणकाच्या सी ड्राइव्हची एकूण व मोकळी जागा लिहा. मोकळी जागा किती टक्के आहे?
2. ‘युझर्स’मधील सर्वांत जड तीन फोल्डर कोणते? ते कोणाचे आहेत?
3. वरच्या नमुन्याप्रमाणे ताळेबंद मांडा. किती जीबीचा फरक राहतो आणि तो कशामुळे असावा?
4. हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, आणि ती कोणत्या डिस्कवर आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘त्याच डिस्कवर’ असं आलं, तर बाकीचा स्वाध्याय उद्यावर ठेवा आणि आज आधी ती प्रत बाहेर काढा.